इंग्लंड-आयर्लंड वंशावळीचा वाद: हेराल्डची नोंद की डब्लिनचे डीड?

समजा एखादं आयरिश घराणं म्हणतंय की आमचा मूळपुरुष इंग्लंडच्या अमुक जमीनदाराचा धाकटा मुलगा, आणि तिकडची शाखा म्हणतेय छे, आमचा काही संबंध नाही. मग बघायचं कुठे?

पहिला ऑप्शन, हेराल्डच्या व्हिजिटेशन, म्हणजे घराण्यांची कुलचिन्हं आणि वंशावळी नोंदवणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यांचे पाहणी-दौरे. 1530 ते 1688 मध्ये हे अधिकारी काउंटी-काउंटी फिरून वंशावळी लिहून घ्यायचे. दिसायला एकदम भारी, पण माहिती बरीचशी घरच्यांनीच सांगितलेली, त्यामुळे मानाचा पूर्वज घुसडलेला असू शकतो आणि आयर्लंडला गेलेल्या धाकट्या भावाचं तर कधीकधी नुसतं नाव असतं, पुढे काहीच नाही.

दुसरा, डब्लिनची रजिस्ट्री ऑफ डीड्स, म्हणजे डीड (जमिनीचे, लग्नाचे वगैरे करार) नोंदवायचं दफ्तर, 1708 पासूनचं. इथे लग्नाच्या करारात बाप, भाऊ, जमीन, कधी इंग्लंडमधलं गावसुद्धा एकाच कागदावर सापडतं, शिवाय साक्षीदारांची नावं, आणि ते बऱ्याचदा नात्यातलेच निघतात! हा कागद वंशावळ सजवायला नाही, व्यवहारासाठी केलेला, म्हणून मला जास्त भरवशाचा वाटतो. 1922 च्या, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत मृत्युपत्रं, चर्चची रजिस्टरं, जनगणना असं कितीतरी जळून खाक झालं, फार वाईट वाटतं, पण रजिस्ट्रीचं दफ्तर वेगळ्या इमारतीत होतं म्हणून वाचलं. त्रास एकच, जुना नावांचा इंडेक्स जमीन देणाऱ्याच्याच नावाने लावलेला, घेणाऱ्याच्या नाही, त्यामुळे गावाच्या नावाने पानं चाळत बसावं लागतं. तरी मी आधी इथेच शोधेन, व्हिजिटेशन नंतर ताडून बघायला.