पुतळा, खड्डा की काचा?

भाची वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय तिने झकास निवडलाय: पुण्यातल्या गंज पेठेत, फुलेवाड्याच्या आसपास, 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेचं स्मारक. १८७३ साली जोतीरावांनी ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. घोडं अडलंय ते परदेशातल्या तीन स्मारकांपैकी नमुना कुठला धरायचा यावर.

वॉशिंग्टन शहरातला १८७६ चा पुतळा अभ्यासावा, पण गिरवू नये. लिंकन ताठ उभे आणि पायाशी गुडघा टेकलेला, बेड्या तुटलेला माणूस. वर्गणी दिली मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनीच. शार्लट स्कॉट या बाईंचे पाच डॉलर सगळ्यांत आधी आले. आराखडा ठरवताना मात्र या वर्गणीदारांना कोणी विचारलं नाही. अनावरणाला भाषण करणाऱ्या, स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस या नेत्यांनी थोड्याच दिवसांत पत्रातून लिहिलं, की मरण्यापूर्वी मला हा माणूस स्वतःच्या पायांवर उभा बघायचाय. बोस्टनमधली प्रतिकृती २०२० मध्ये उतरवली गेली. शिवाय आपल्याकडे पुतळा म्हणजे जयंतीला हार आणि वर्षभर कबुतरं.

फ्रान्समधल्या नांतचं स्मारक २०१२ चं. लोआर नदीच्या धक्क्यावरच्या फरशीत २००० काचा बसवल्यात. त्यांतल्या १७१० काचांवर गुलामांच्या व्यापाराला निघालेल्या जहाजांची नावं. खाली पाण्यालगत भुयारासारखा रस्ता. ज्या शहराने कमावलं, त्यानेच हिशेब मांडलाय. मला हे सर्वांत आवडतं. पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की आपला नदीपात्रातला रस्ता बुडतो, आणि पेठेतली फरशी केबलवाल्यांपुढे वर्षभरही टिकायची नाही.

उरलं पूर्व आफ्रिकेतलं झांझिबार. जुन्या गुलामबाजाराच्या जागी १९९८ मध्ये क्लारा सोर्नास यांनी केलेलं शिल्प: खड्ड्यात पाच माणसं, गळ्यात साखळ्या. तो बाजारही १८७३ मध्येच बंद झाला! इथे मुक्तिदाता कुठेच नाही. बघणारा काठावर, म्हणजे गिऱ्हाइकाच्याच जागी उभा राहतो. जागा थोडी लागते, खर्चही आटोक्यात राहील.

मी झांझिबारच्या बाजूने. भाची म्हणते, "मामा, पावसाळ्यात खड्डा भरेल त्याचं काय?" भरू दे की. आकृत्या काढून टाक, पायऱ्या कर, पायऱ्यांवर अर्पणपत्रिका कोर. १८६८ मध्ये जोतीरावांनी अस्पृश्यांना खुला केला तो घरचा हौदच होता.