खडकातल्या उष्णतेवर चालणारे घर: हीट पंप आणि त्याच्या बोअरचे परीक्षण

स्टॉकहोमच्या उत्तरेकडील उपनगरातले आमचे घर १९७० च्या दशकात बांधलेले आहे. पूर्वी त्यात विजेवर चालणारा बॉयलर होता आणि त्याचे गरम पाणी सर्व खोल्यांतील रेडिएटरमधून फिरत असे. तो काढून आम्ही नीबे कंपनीचा एस१२५५ हा हीट पंप बसवला आणि त्यासाठी अंगणात सुमारे २०० मीटर खोल बोअर मारून घेतला. हे परीक्षण पंपाचे असले, तरी त्याचा मोठा भाग बोअरविषयी आहे. कारण ही व्यवस्था नीट चालणार की नाही, हे मुख्यतः जमिनीखाली ठरते असे माझे ठाम मत झाले आहे. विक्रेत्यांशी होणाऱ्या बोलण्यात मात्र नेमका हाच विषय सर्वांत लवकर आटोपला जातो.

स्टॉकहोम परिसरात जमिनीखालच्या खडकाचे, म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइटचे किंवा नाइसचे, तापमान वर्षभर साधारण ७ ते ८ अंश सेल्सिअस असते. बोअरमध्ये तळापर्यंत जाऊन परत वर येणारी प्लास्टिकची नळी सोडलेली असते. तिच्यातून फिरणारे पाणी आणि इथेनॉल यांचे मिश्रण खडकातली थोडी उष्णता घेऊन वर येते आणि पंपातला कॉम्प्रेसर ती उष्णता रेडिएटरला पुरेल इतक्या तापमानाला नेतो. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तीच क्रिया इथे घर तापवण्यासाठी वापरलेली आहे. वापरलेल्या विजेच्या प्रत्येक युनिटामागे घराला तीन ते चार युनिट उष्णता मिळते. आमच्या घराला घर तापवणे आणि अंघोळीचे पाणी मिळून वर्षाला सुमारे २२ हजार युनिट वीज लागत असे. आता त्याच कामाला सुमारे ७ हजार युनिट पुरतात.

१९७३ च्या तेलसंकटापर्यंत इथल्या असंख्य घरांच्या तळघरात तेलाचे बॉयलर होते. त्या धक्क्याने देश पर्याय शोधू लागला, पुढे १९९१ मध्ये कार्बन कर लागू झाला आणि तेल आणखी महाग पडू लागले. आज स्वीडनमधील निम्म्याहून अधिक स्वतंत्र घरांत कुठल्या ना कुठल्या प्रकारचा हीट पंप आहे. त्यामुळे अनुभवी कारागीर, सुटे भाग आणि बोअर मारणारी यंत्रे सहज मिळतात, आणि हा या पर्यायाचा फार मोठा गुण आहे.

आता बोअर. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला बोअर म्हटले की पाणी लागले का, हा प्रश्न आधी सुचतो. इथे पाणी उपसायचे नसते, तरीही ते लागलेले हवे असते. स्वीडनमध्ये अशा बोअरमध्ये सहसा सिमेंटचे मिश्रण भरत नाहीत, भूजलच नळी आणि खडक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेते. साहजिकच भूजलाच्या पातळीच्या वरचा कोरडा भाग जवळजवळ निरुपयोगी ठरतो. निविदेत २०० मीटर लिहिले असेल आणि पाणी १५ मीटरवर लागले, तर कामाची खोली १८५ मीटरच उरते. हिशेब एकूण खोलीचा केला आहे की पाण्याखालच्या खोलीचा, हे आधीच लेखी विचारून घ्यावे.

दुसरी बाब वरच्या मातीची. माती आणि मुरूम ओलांडून पक्क्या खडकात शिरेपर्यंत लोखंडी केसिंग पाइप घालावा लागतो आणि त्याचा मीटरमागचा दर नुसत्या खडकातल्या ड्रिलिंगपेक्षा बराच जास्त असतो. बहुतेक निविदांत फक्त ६ मीटर केसिंग धरलेले असते. तुमच्या जागेवर माती २० मीटर असेल, तर उरलेल्या केसिंगचे पैसे वेगळे द्यावे लागतात आणि निविदांची तुलनाच निरर्थक ठरते. स्वीडनच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेकडे खोदलेल्या बोअरची नोंद पाठवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. शेजारच्या घरांचा बोअर किती खोल गेला आणि खडक किती मीटरवर लागला, हे तिथे घरबसल्या कळते. निविदा मागवण्याआधी ही नोंद अवश्य पाहावी.

बोअर आखूड ठेवला की खर्च कमी होतो, आणि पहिल्या हिवाळ्यात त्याचा तोटा फारसा जाणवतही नाही. पण खडकातून दरवर्षी जितकी उष्णता काढली जाते तितकी ती परत भरून निघाली नाही, तर खडक हळूहळू थंड होत जातो, वर येणारे मिश्रण शून्याच्या बरेच खाली जाते आणि ऐन कडाक्याच्या थंडीत पंपाची कार्यक्षमता घसरून विजेचा पूरक हीटर सुरू होतो. आमच्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीसही मिश्रण शून्याच्या आसपास असते, आणि त्याचे श्रेय मी खोलीला देतो. महागडा पंप आणि आखूड बोअर यांपेक्षा साधा पंप आणि पुरेसा खोल बोअर हा सौदा केव्हाही चांगला, कारण पंप १५-२० वर्षांनी बदलता येतो, बोअर मात्र दोन पिढ्या वापरायचा असतो.

नगरपालिकेच्या पर्यावरण विभागाला आधी कळवावे लागते. शेजाऱ्याच्या बोअरपासून २० मीटर अंतर राखण्याची शिफारस आहे. प्लॉट लहान असेल तर बोअर तिरका मारतात. ड्रिलिंग एक-दोन दिवसांत आटोपते, पण त्या काळात आवाज फार असतो, आणि २०० मीटरच्या बोअरमधून सुमारे दोन घनमीटर खडक भुकटी होऊन चिखलाच्या रूपाने बाहेर येतो. तो कोण उचलणार, हेही लेखी असावे.

पंपाबद्दल मी समाधानी आहे. आकार उंच फ्रिजएवढा, आतच सुमारे १८० लिटरची पाण्याची टाकी, आणि गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा कॉम्प्रेसर. त्यामुळे तो सतत चालू-बंद होत नाही आणि घराचे तापमान दिवसभर स्थिर राहते. बसवणाऱ्यांनी मात्र आमचे पाइप भिंतीला थेट घट्ट बांधले होते आणि बारीक कंप झोपण्याच्या खोलीपर्यंत येत असे. रबरी आधार आणि लवचीक जोडनळ्या बसवल्यावर तो थांबला. पंपाची जागा शक्यतो झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला लागून नसावी.

रोजच्या वापरात सर्वांत महत्त्वाचे आहे ते रेडिएटरमध्ये जाणाऱ्या पाण्याचे तापमान. ते एका अंशाने कमी केले तरी विजेत साधारण दोन टक्क्यांहून अधिक बचत होते. म्हणून रेडिएटरचे थर्मोस्टॅट पूर्ण उघडे ठेवावेत, पंपाची तापमानाची सेटिंग एकेक पायरीने खाली आणावी आणि प्रत्येक बदलानंतर एक-दोन दिवस वाट पाहावी. विजेच्या बॉयलरच्या सवयीने रात्री तापमान उतरवून सकाळी चढवणे इथे लाभदायक नाही, कारण सकाळच्या घाईत पूरक हीटर लागू शकतो.

एकूण खर्च सुमारे दोन लाख क्रोनर आला. मजुरीवर मिळणारी करसवलत साधारणपणे ३० टक्के असते, ती यंत्रावर मिळत नाही. आमच्या वापरात हा खर्च आठ-नऊ वर्षांत वसूल व्हावा. घर लहान आणि उत्तम इन्सुलेशनचे असेल तर इतकी बचत होणार नाही आणि हवेतून उष्णता घेणारा स्वस्त पंप पुरेसा ठरेल. खोल्यांत पाण्याचे रेडिएटर नसून नुसते विजेचे असतील, तर आधी संपूर्ण पाइपलाइन घालावी लागते आणि हिशेब बिघडतो.

जुना पंप बदलून त्याच बोअरवर नवा बसवणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. नवा पंप कमी वीज वापरतो, म्हणजेच तेवढीच उष्णता देताना तो खडकातून जुन्यापेक्षा जास्त उष्णता ओढतो. १९९० च्या दशकात त्या काळच्या पंपासाठी मोजून मारलेला बोअर त्याला अपुरा पडू शकतो, म्हणून पंपाच्या निविदेबरोबरच बोअर आणखी खोल करण्याचा किंवा दुसरा मारण्याचा दरही मागवावा.