पिन पार्वती ट्रेकच्या नावाखाली आमचे १,२२,३०० रुपये गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय

आधीच सांगते, आम्ही नवखे नव्हतो. मी, माझा मावसभाऊ, त्याची बायको आणि ऑफिसमधली एक मैत्रीण, चौघांचेही हम्प्टा आणि रूपिन हे हिमालयातले ट्रेक करून झालेले. त्यामुळे "एवढं साधं कळलं नाही का" असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी पुढचं नीट वाचा, कारण हे लोक नवख्यांना नाही, थोडंफार माहिती असणाऱ्यांनाच गाठतात.

पिन पार्वती म्हणजे हिमाचलमध्ये कुल्लूच्या बाजूने बरशैणीहून निघायचं, खीरगंगा, टुंडा भुज, ठाकुर कुआँ करत मानतलाईला जायचं आणि ५,३१९ मीटरची खिंड ओलांडून स्पितीत मुधला उतरायचं. खीरगंगेच्या पुढे ना रस्ता, ना गाव, ना रेंज. मोठ्या कंपन्यांच्या बॅचेस फुल होत्या, म्हणून एका ट्रेकिंग ग्रुपवर नंबर मिळाला तिथे मेसेज टाकला. समोरचा माणूस गोड बोलायचा, दर थोडाच कमी सांगितला, माणशी ४२,५००. फार स्वस्त असतं तर तिथेच शंका आली असती. पैसे मागितले ते एका माणसाच्या नावावरच्या युपीआयवर. आता यावर लगेच बोलू नका, त्या भागातले कितीतरी चांगले, प्रामाणिक गाइड असेच काम करतात, वेबसाइट नाही, कंपनीचं खातं नाही, सगळं फोनवर. रूपिनला आम्ही असेच पैसे दिले होते आणि तो माणूस अगदी सोन्यासारखा निघाला होता.

निम्मा ॲडव्हान्स, माणशी २१,२५०, म्हणजे ८५,००० माझ्या खात्यातून गेले. सगळ्यांनी माझ्याकडे जमा केले होते, त्यामुळे नंतर तिघांना तोंड मलाच दाखवावं लागलं. मग परमिटचे माणशी ३,७००, एकूण १४,८००. मग निघायच्या आदल्या आठवड्यात "पोर्टर लोक दूसरे ग्रुप में चले जाएँगे" म्हणून आणखी २२,५००.

आता तो फोटो. तो आठवला की अजून झोप उडते. आयटिनररीच्या पीडीएफमध्ये मानतलाई म्हणून एका तलावाचा फोटो होता, निळाशार, चंद्रकोरीसारखा वळलेला काठ, मागे तांबूस-करडे उघडे डोंगर. मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "ताई, हा चंद्रताल वाटतोय गं." हम्प्टा संपवून तो चंद्रताल तलावावर जाऊन आलेला माणूस, स्वतः त्या काठावर उभं राहून फोटो काढलेले! मी त्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "मैडम, अगस्त में मानतलाई ऐसा ही दिखता है, पानी एकदम साफ." आणि विषय संपला. मानतलाई म्हणजे पार्वती नदीचा उगम, हिमनदीच्या गाळाने करडं झालेलं उथळ पाणी, सपाट दगडगोट्यांत फुटलेले ओहोळ आणि काठाला दगडांच्या राशीत रोवलेले त्रिशूळ. ऑगस्टमध्ये बर्फ वितळून गाळ वाढतो, पाणी साफ कुठून होणार? दोन फोटो शेजारी शेजारी ठेवायला दोन मिनिटं लागली असती. पण तिकिटं काढून झालेली, सुट्ट्या मंजूर झालेल्या, चार जणांचा उत्साह, अशा वेळी शंका काढणारा माणूस सगळ्यांना नको असतो हो.

परमिटच्या पावतीत १,५०० रुपये इनर लाइन परमिटचे, म्हणजे सीमेकडच्या भागात जायच्या सरकारी परवान्याचे, लावले होते. भारतीय नागरिकाला स्पितीत जायला इनर लाइन परमिट लागतच नाही! लडाख-अरुणाचलच्या गोष्टी ऐकून डोक्यात बसलेलं असतं की सीमेकडचा भाग म्हणजे परमिट असणारच, आणि तेच हे लोक वापरतात. वर "हमारे पास थुराया फोन है, टेन्शन मत लो" हेही ऐकवलं. थुराया आणि इरिडियमच्या सॅटेलाइट फोनवर भारतात बंदी आहे, गार्मिनचा इनरीच हा सॅटेलाइट मेसेंजरसुद्धा परवानगीशिवाय बाळगता येत नाही. ट्रेकवाला थुरायाची फुशारकी मारत असेल तर एकतर खोटं बोलतोय, नाहीतर तुम्हाला पण गोत्यात आणणार.

बिलावरचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू होत होता. ०७ म्हणजे दिल्ली, हिमाचलचा कोड ०२. घरी आल्यावर जीएसटीच्या साइटवर टाकून बघितला तर कुठल्याशा टाइल्सवाल्याचा निघाला. हे बघायला लॉगिन पण लागत नाही, पैसे पाठवायच्या आधी बघा.

कुल्लूजवळच्या भुंतरला उतरलो तेव्हा त्या माणसाचा फोन बंद, व्हॉट्सॲपवर एकच टिक. तरी आशेने टॅक्सी करून बरशैणीपर्यंत गेलो. तिथल्या एका गाइडने पीडीएफ बघितली आणि एका ओळीवर बोट ठेवलं, "मानतलाई से मुध, एक दिन? मैडम, बीच में ग्लेशियर है." खरंच आहे, मानतलाईच्या वर एक कॅम्प, मग भेगा पडलेल्या बर्फावरून दोर बांधून खिंड, मग पिन खोऱ्याच्या बाजूला खाली आणखी मुक्काम. या चोराने पैसे लुटून फोन बंद केला, पण समजा एखादा पोरगा गाइड म्हणून सोबत पाठवला असता तर? मानतलाईच्या पुढे काही झालं तर दोन्हीकडून रस्ता काही दिवसांच्या चालीवर आहे.

आता पोलिसांबद्दल. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, कितीतरी वेळाने लागला, तक्रार नंबर मिळाला. घरी आल्यावर पोलीस स्टेशनला गेले तर म्हणे, "मॅडम, ओटीपी कोणी घेतला नाही, पिन तुम्हीच टाकलात, हा सायबर कसा होईल, हा तर व्यवहाराचा वाद." पुढे, "प्रकार हिमाचलचा आहे, तिकडे द्या." हिमाचलला फोन केला तर ते म्हणे पैसे जिथून गेले तिथे द्या. परत इकडे, तर साहेब बंदोबस्ताला. शेवटी एफआयआर नाहीच, साधा अर्ज घेतला आणि त्याची पोच द्यायलासुद्धा कुरकुर. बँकेत तर चक्क सांगितलं की "व्यवहार तुम्हीच ऑथराइज केलाय." अरे, खोटं सांगून घेतलेले पैसे म्हणजे फसवणूकच ना? आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची. हे मी प्रिंट काढून दाखवलं तर "तुम्ही आम्हाला कायदा शिकवणार का" असं उत्तर मिळालं. प्रश्न शिकवण्याचा नाहीये, आमचे कष्टाचे पैसे गेलेत.

तुमच्यावर अशी वेळ आलीच तर १९३० ला त्याच क्षणी फोन करा, घरी पोचेपर्यंत थांबू नका, आणि प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा, त्याशिवाय पुढे काही हलत नाही. चॅट डिलीट करू नका, संताप आला तरी. ऑपरेटरचं हिमाचल पर्यटन विभागाकडचं रजिस्ट्रेशन मागा आणि नुसत्या फोटोवर न जाता तिथे फोन करून खात्री करा. गाइडने माउंटेनियरिंगचा कोर्स कुठून केला ते विचारा आणि त्याच्याशी थेट बोला, ट्रेक विकणाऱ्याशी नाही. खिंडीच्या अलीकडचा कॅम्प कुठे, दोर किती मीटरचा नेणार, परत फिरायचं कधी ठरवणार, हे विचारल्यावर जो उत्तर टाळतो त्याला एक रुपया देऊ नका.

ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ती मी केली आहे. त्या चोराच्या खात्यात गोठवलेली रक्कम निघाली ३,४१२ रुपये, बाकी सगळं त्याच दिवशी पुढे फिरवलेलं. आणि ते ३,४१२ सोडवायला कोर्टाचा आदेश आणा, असा बँकेचा मेल परवा आलाय.