जुन्या पीसीसोबत ‘लायब्ररी’चे पैसे मोजू नका

सांगली-मिरजेत सेकंडहँड गेमिंग पीसी बघत फिरणाऱ्यांनी व्यवहाराआधी हे वाचा. विश्रामबागच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं असा पीसी ४८,००० रुपयांना घेतला. मशीन ३०,००० च्या वर जात नव्हतं. बाकीचे १८,००० स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातल्या १४० गेम्सचे. विकणाऱ्यानं समोर लायब्ररी, म्हणजे अकाउंटवरच्या गेम्सची यादी, उघडून दाखवली, ईमेल आणि पासवर्ड वहीच्या कागदावर लिहून दिला. पोरानं तिथंच पासवर्ड बदलला आणि स्टीम गार्ड (लॉगिनचा कोड देणारी सोय) स्वतःच्या मोबाईलवर घेतलं. तीन आठवड्यांनी लॉगिन बंद, विकणाऱ्याचा फोनही बंद.

पासवर्ड बदलूनही अकाउंट गेलं कसं? स्टीमच्या करारात अकाउंट विकायला सरळ मनाई आहे. तुम्ही घेता ते गेमचं लायसन्स, आणि तेही ज्याचं अकाउंट त्याच्यापुरतं. वाद झाला की सपोर्ट बघतं ते एवढंच, की अकाउंट मुळात कुणाचं: सुरुवातीचा ईमेल, जुना फोन नंबर, आधीच्या खरेदीच्या पेमेंटचा पुरावा. हे सगळं विकणाऱ्याकडंच राहतं. ‘अकाउंट चोरीला गेलं’ म्हणून त्यानं तक्रार टाकली की ते त्याला परत मिळू शकतं. ईमेल, पासवर्ड, मोबाईल सगळं बदललंत तरी पेमेंटचा इतिहास तुमच्या नावावर होत नाही. आणि तेच अकाउंट पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा विकता येतं.

दुसरा प्रकार याहून वाईट, कारण त्यात लायब्ररीच खोटी असते. दोन-तीनशे रुपयांत ‘ॲक्टिव्हेशन’ म्हणून पॉवरशेलमध्ये (विंडोजला लिहून आज्ञा देण्याची खिडकी) एक ओळ पेस्ट करायला लावतात. स्टीमच्या फोल्डरमध्ये बाहेरची डीएलएल फाइल (प्रोग्रॅमचा कोड असलेली) बसते आणि कधीच न घेतलेले गेम लायब्ररीत दिसू लागतात. स्टीमचा अपडेट आला की ते गायब होतात, म्हणून विकणारा सांगतो, “अपडेट बंद ठेव.” हे वाक्य ऐकलं की तिथून उठा. ती ओळ ॲडमिन म्हणून चालवलेली असते, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डसुद्धा तिच्या हाताशी असतात.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. स्टीममध्ये वर उजवीकडं नावावर क्लिक करा, अकाउंट डिटेल्समध्ये जा आणि लायसन्स व प्रॉडक्ट की ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. प्रत्येक लायसन्स तारखेसकट तिथं दिसतं. गेम त्या यादीत नसेल तर तो खोटा असू शकतो. यादीत असला, तरी तो विकणाऱ्याचाच. दोन्हीकडं तुमच्यासाठी किंमत शून्य धरा आणि फक्त मशीनचा भाव करा.

मशीनसाठी पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड (ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) घेऊन जा. आरएक्स ५८० म्हणून दाखवलेल्या ग्राफिक्स कार्डात शेडर्स (चित्राचं गणित करणारे भाग) २३०४ हवेत. २०४८ दिसले तर ताकद आरएक्स ५७० एवढीच, भावही तेवढाच द्या. जीटीएक्स १०६० किंवा १०८० ही कार्डं स्वस्तात मिळतात खरी, पण ऑक्टोबर २०२५ नंतर त्यांना नव्या गेम्ससाठीचे ड्रायव्हर येत नाहीत, फक्त सुरक्षेचे येतात, तेही ऑक्टोबर २०२८ पर्यंत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू होतंय का, ते दुकानातच बघून घ्या.

गेम स्वतःच्या नव्या अकाउंटवरच घ्या. १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात.

फसलाच असाल आणि पैसे ऑनलाइन दिले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. त्या विद्यार्थ्यानं सगळी रक्कम रोख दिली, पावती घेतली नाही. तुम्ही रोख देणार असाल तर विकणाऱ्याचं नाव, तारीख, रक्कम आणि कार्डाचा सीरियल नंबर असलेल्या कागदावर त्याची सही घ्या. पॉवरशेलची ती ओळ पीसीवर चालवली गेली असेल तर विंडोज पुसून नव्यानं टाका आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.