सीमेक: स्टॅटिक-शेअर्डच्या अदलाबदलीत कुठवर साथ देतं?

सीमेक म्हणजे सी++ प्रोजेक्टचं बिल्ड (कोडमधून लायब्ररी आणि प्रोग्राम बनवणं) लावून देणारं टूल. लायब्ररी दोन प्रकारची: स्टॅटिक (.ए) प्रोग्राममध्येच मिसळते, शेअर्ड (.एसओ) वेगळी राहून प्रोग्राम चालताना जोडली जाते. नागपूरच्या परसोडीतल्या आयटी पार्कात काय किंवा मिहानमध्ये काय, सी++ वाल्यांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. सीमेकलिस्ट्स या सूचनांच्या फाइलमध्ये बिल्ड_शेअर्ड_लिब्स या शेअर्ड-स्टॅटिक ठरवणाऱ्या ऑप्शनचा डीफॉल्ट ऑफचा ऑन केला, बिल्ड बिनबोभाट पार पडलं, आणि हाती पुन्हा तीच .ए फाइल! हा बग नव्हे. ऑप्शनची व्हॅल्यू (ऑन की ऑफ) पहिल्याच खेपेला सीमेककॅश.टीएक्सटी या साठवणीच्या फाइलमध्ये, म्हणजे कॅशमध्ये, जाऊन बसते, मग डीफॉल्ट कितीही बदला, चालतं कॅशचंच. बदल कमांडवरून द्यायचा: -डी बिल्ड_शेअर्ड_लिब्स=ऑन. तरीही .ए-च येत असेल तर ॲड_लायब्ररीत (लायब्ररी जाहीर करणाऱ्या ओळीत) कुणीतरी ‘स्टॅटिक’ लिहून ठेवलंय का ते बघा. तसं असेल तर हा ऑप्शन तिथे लागूच होत नाही.

आपल्या लायब्ररीपेक्षा जास्त छळतात बाहेरच्या. झेडलिब या कॉम्प्रेशन लायब्ररीसाठी सीमेक ३.२४ पासून झेडलिब_यूज_स्टॅटिक_लिब्स आहे, पण जुन्या बिल्ड फोल्डरात ते ऑन करून काही हलत नाही. लायब्ररी शोधणाऱ्या फाइंड_लायब्ररीला एकदा लिबझेड.एसओ (शेअर्ड झेडलिब) सापडली की तो पत्ता कॅशमध्ये पक्का होतो आणि पुन्हा शोध होत नाही. त्यावर -यू '*झेडलिब*' देऊन तेवढ्याच नोंदी पुसता येतात. सगळी कॅश फेकण्यापेक्षा हे बरं, कारण मे महिन्यात नागपुरात पूर्ण बिल्ड नव्याने लावायचं म्हणजे लॅपटॉपलाही कूलरसमोर बसवावं लागतं.

३.२४ मध्येच आलेला --फ्रेश हा नव्याने सुरुवात करायचा पर्याय कामाचा आहे, पण अर्धवट. ते कॅश आणि सीमेकफाइल्स फोल्डर काढतं. आधी तयार झालेल्या .ए, .एसओ जिथल्या तिथे राहतात. बिल्ड चालवणारं निंजा हे टूल १.१० किंवा पुढचं असेल तर ‘निंजा -टी क्लीनडेड’ ही अनाथ पिल्लावळ साफ करतं.

खरा घोळ इन्स्टॉलनंतरचा, आणि इथे सीमेकला माझे मार्क कमी. शेअर्ड इन्स्टॉल केलं, मग स्टॅटिक केलं, की /यूएसआर/लोकल/लिबमध्ये (समजा लायब्ररीचं नाव ‘फू’) लिबफू.एसओ आणि लिबफू.ए शेजारी-शेजारी. बाहेरच्या प्रोजेक्टने -एलफू म्हटलं की लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारा) त्या फोल्डरातली .एसओ आधी उचलतो, म्हणजे जुनीच. प्रोजेक्टच्या आत हे होत नाही, तिथे सीमेक आपल्या टार्गेटचा पूर्ण पत्ता देतं. इन्स्टॉल_मॅनिफेस्ट.टीएक्सटी ही इन्स्टॉल झालेल्या फाइल्सची यादी वाचून जुन्या फाइल्स काढता येतात, पण नवीन इन्स्टॉल झालं की ती यादी पुसून नवी लिहिली जाते. म्हणून आधी उडवा, एलडीकॉन्फिग (शेअर्ड लायब्ररींची नोंद ताजी करणारी कमांड) चालवा, मग नवीन टाका. खात्रीसाठी ‘रीडएल्फ -डी’ लावून नीडेडच्या ओळी (प्रोग्रामला लागणाऱ्या शेअर्ड लायब्ररी) वाचा, तिथे लिबफू.एसओ दिसली तर स्टॅटिक झालेलंच नाही.

कौतुक एका गोष्टीचं करायलाच हवं. हाताने लिहिलेली मेकफाइल (बिल्डच्या नियमांची फाइल) फक्त फाइलची वेळ बघते, फ्लॅग बदलल्याचा तिला पत्ता नसतो. सीमेक शेअर्डसाठी -एफपिक (मेमरीत कुठेही बसेल असा कोड बनवणारा फ्लॅग) स्वतः लावतं आणि त्या .ओ (कम्पाइल झालेले तुकडे) पुन्हा बनवतं. मात्र स्टॅटिक लायब्ररी एखाद्या .एसओ प्लगइनमध्ये घालायची असेल तर ‘रीकम्पाइल विथ -एफपिक’ ही ओरड ऐकू येते. तिथे सीमेक_पोझिशन_इंडिपेंडंट_कोड ऑन करणं तुमच्याकडे.

विंडोजवर आणखी एक खोडी: स्टॅटिक लायब्ररी आणि डीएलएलची (विंडोजच्या शेअर्ड लायब्ररीची) जोडणीसाठीची इम्पोर्ट लायब्ररी, दोन्ही फू.लिब. एकाने दुसरीवर लिहिलं तरी नावावरून कळत नाही. एलएनके२०१९ या लिंकरच्या एररमध्ये __इम्प_ दिसलं की हेडर शेअर्डचा आणि .लिब स्टॅटिकची असं समजा.

एकूण पाचपैकी साडेतीन. बिल्ड-स्टॅटिक आणि बिल्ड-शेअर्ड असे दोन फोल्डर, दोघांचे इन्स्टॉल प्रीफिक्सही (इन्स्टॉलच्या जागा) वेगळे, एवढं केलं तर चार. डिस्कवर जागा दुप्पट जाते, ती जाऊ द्या. उबुंटू २२.०४ सोबत सीमेक ३.२२ येतं, त्यात --फ्रेश नाहीच. तिथे सरळ बिल्ड फोल्डर उडवायचा.