मसावि-लसावि: कोणत्या गणिताला कोणती रीत?

मसावि (महत्तम साधारण विभाजक) काढा किंवा लसावि (लघुत्तम साधारण विभाज्य), उत्तर कोणत्याही रीतीने सारखंच येतं. फरक पडतो तो वेळेत आणि चुकांत. म्हणून संख्या किती मोठ्या आहेत आणि किती आहेत, हे आधी बघावं.

विभाजकांच्या किंवा पाढ्यांच्या याद्या १२ आणि १८ सारख्या जोडीपुरत्या ठीक. त्यापुढे एखादा विभाजक हमखास सुटतो.

मूळ अवयवांची रीत संकल्पना पक्की करते. ८४ = २×२×३×७, ९० = २×३×३×५, १२० = २×२×२×३×५. तिघांत सामाईक २×३, म्हणून मसावि ६. लसाविसाठी प्रत्येक मूळ अवयव जिथे जास्तीत जास्त वेळा आला तिथून घ्यायचा: २×२×२×३×३×५×७ = २५२०. पण ३९१ समोर आली की ही रीत अडते. २, ३, ५, ७, ११, १३ कशानेच भाग जात नाही, आणि मुलं तिला मूळ संख्या समजून मोकळी होतात. ती १७×२३ आहे.

अशा वेळी भागाकार पद्धत. युक्लिडने इ.स.पू. ३०० च्या सुमारास ती लिहून ठेवली आणि मोठ्या जोडीसाठी आजही तिच्याइतकी भरवशाची रीत नाही. मोठीला लहानने भागा, मग आलेल्या बाकीने आधीच्या भाजकाला. ६६७ ÷ ३९१, बाकी २७६. ३९१ ÷ २७६, बाकी ११५. २७६ ÷ ११५, बाकी ४६. ११५ ÷ ४६, बाकी २३. ४६ ÷ २३, बाकी ०. शेवटचा भाजक २३ हाच मसावि; घाईत शेवटचा भागाकार २ लिहिला जातो, तिथे जपा. अवयव एकही शोधावा लागला नाही. लहान संख्या तीन अंकी असेल तर १५ पेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत, हे फ्रेंच गणितज्ञ लामे यांनी १८४४ मध्ये सिद्ध केलं. लसावि हवा असेल तर आधी भागा, मग गुणा: ३९१ ÷ २३ = १७, १७ × ६६७ = ११३३९.

तीन किंवा जास्त संख्यांचा लसावि असेल तर उभी मांडणी सर्वांत सुटसुटीत: संख्या एका ओळीत लिहायच्या, एकाच भाजकाने भागत खाली उतरायचं आणि शेवटी सगळे भाजक व खाली उरलेल्या संख्या गुणायच्या (मसाविसाठी फक्त भाजक). मसाविसाठी भाजकाने सगळ्यांना भाग जायला हवा; लसाविसाठी किमान दोघांना गेला तरी चालतो, उरलेली संख्या तशीच खाली उतरवायची. इथे भाजक मूळ संख्याच घ्या. ८, १२, १८ ला सुरुवातीलाच ६ ने भागलं तर खाली ८, २, ३ उरतात. मग २ ने भागून ४, १, ३. गुणाकार ६×२×४×३ = १४४, आणि हे उत्तर चूक आहे. ६ ने ८ ला भाग गेला नाही, पण ६ मधला २ तिच्यात होता. तो दोनदा मोजला गेला. २, २, ३ असे भागत गेलात तर खाली २, १, ३ उरतात आणि बरोबर ७२ मिळतात.

पडताळ्यासाठी मसावि × लसावि = दोन्ही संख्यांचा गुणाकार, हा नियम दोनच संख्यांना लावा. वरच्या ८४, ९०, १२० ला लावून बघा: ६ × २५२० = १५१२०, तर तिघांचा गुणाकार ९०७२००.