सीएफच्या पोराचा दमसास: नागपूरची सायकल की घरचा पाट?

सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ), म्हणजे फुप्फुसात चिकट कफ साचवणारा जन्मजात आजार असलेल्या पोराला "व्यायाम चालू ठेवा" हे सगळेच सांगतात. त्याचा दम किती वाढला हे मोजायचं कशावर, ते मात्र कोणी सांगत नाही. स्पायरोमेट्रीची फुंकणी फुप्फुसाचं सांगते, पायांचं आणि काळजाचं नाही. माझा भाचा १४ वर्षांचा, राहणार यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात. त्याच्यापायी चार चाचण्या पाहून झाल्या, म्हणून हे लिहितो.

सगळ्यात खात्रीची ती सायकलवरची, सीपेट (कार्डिओपल्मनरी एक्सरसाइज टेस्ट, म्हणजे काळीज-फुप्फुसांची व्यायाम-चाचणी). तोंडाला मास्क, छातीला तारा, बोटाला ऑक्सिमीटर, आणि दर मिनिटाला वाढत जाणारा जोर. आठ-बारा मिनिटांत पोरगं हात टेकतं आणि शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते कळतं. १९९२ साली छापलेल्या एका अभ्यासात हा आकडा चांगला असलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्ण आठ वर्षांनी जिवंत होते, सर्वांत खालच्या गटातले २८ टक्के. तेव्हा आजची औषधं नव्हती हे खरं, पण आकड्याला वजन आहे. दहा वर्षांपुढच्या मुलांना हीच चाचणी सुचवली जाते.

आम्ही एकदा पहाटेच्या एसटीने नागपूर गाठलं, तर दवाखान्यात निघाली साधी टीएमटी! पट्ट्यावर चालवलं, ईसीजी काढला, ऑक्सिजनचं मोजमाप काहीच नाही. दिवस वाया, भाडं वाया. म्हणून आधी फोनवर विचारा, "मास्क लावून श्वासातला ऑक्सिजन मोजता ना?"

शटल चाचणीला १० मीटरचा पट्टा, दोन खुणा आणि बीपचा आवाज पुरतो. बीपच्या तालावर खुणांमध्ये ये-जा करायची. बीप दर मिनिटाला जलद होतात, सुधारित प्रकारात पळायचीही मुभा असते. झेडपी शाळेच्या पटांगणात होते, पण पोरगं पुरतं थकतं, त्यामुळे फिजिओथेरपिस्ट हजर हवाच. नागपूर जमत नसेल तर माझं मत हिलाच.

सहा मिनिटं चालायची चाचणी धडधाकट पोरांना फारच सोपी. आमचा भाचा तर गप्पा मारतच चालला. आजार बळावलेल्यांसाठी ती ठीक.

राहिली पायरी. १५ सेंमी उंची, मिनिटाला ३० चढ, तीन मिनिटं. आमचा ओटा टेपने मोजला तर २२ भरला, मग सुताराकडून १५ चा पाट ठोकून घेतला. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक तालाची टिकटिक, लावला की झालं. पूर्ण ताकद कळत नाही, पण ऑक्सिजन किती उतरतो ते दिसतं, आणि महिन्या-दोन महिन्यांची तुलना करता येते. पहिल्यांदा डॉक्टरांसमोरच करा. नखाला मेंदी असली तर ऑक्सिमीटर चुकू शकतो. भाच्याच्या बहिणीच्या लग्नानंतर आम्ही उगाच घाबरलो होतो. सीएफची दोन मुलं मात्र एका पाटाशी आणू नका, जंतू एकमेकांना लागतात.

चाचणी कुठलीही असो, आमच्याकडचं ऊन विसरू नका. या मुलांच्या घामातून मीठ जास्त जातं. भाच्याच्या टोपीवर मे महिन्यात पांढरी रेघ उमटते. रक्तातलं मीठही घटत असल्याने तहान वेळेवर लागत नाही. मीठपाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि नागपूरची तारीख डिसेंबर-जानेवारीतली मागा.